बाटलीचं पथ्य

७ मार्च, शुक्रवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “घरी एक वही ठेवा. काय खाल्लं, किती वेळा उलटी झाली, ताप आला का, सगळं तारखेनिशी लिहा.” म्हणून ही वही. पट्टी घेऊन रकाने आखले. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पंचवीस वर्षं लाकडाला पॉलिश करतोय, सरळ रेघ मारायला हात कचरत नाही. पण रकान्यात मावेल एवढंच मनात येईल तर ना! शेवटी ठरवलं, दवाखान्याचं वहीच्या पुढून आणि माझं मागून.

हिची छातीतली गाठ काढून झाली. ती परत येऊ नये म्हणून सुईतून द्यायचे सहा डोस. त्यातला दुसरा मंगळवारी झाला. आज सकाळी अर्धं केळं खाल्लं, दुपारी वाटीभर गार दही. शेजारणीशी खिडकीतून गप्पाही मारल्या म्हणे. साडेसहाला मी दुकानातून आलो, स्टूल ओढून पलंगाजवळ बसलो, “कसं आहे?” म्हणून विचारलं, तर हिनं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि हातानंच टब मागितला.

मी येईपर्यंत दिवसभर धीर धरते आणि मला पाहिलं की बांध फुटतो, असं असावं. लहान मूल पडल्यावर रडत नाही, आई दिसली की रडतं, तसं. हा विचार मनात आला आणि जरा बरं वाटलं. बायको उलटी करत असताना बरं वाटणं चांगलं नाही, हेही मनात आलं.

८ मार्च, शनिवार

आज एका कचेरीचे आठ दरवाजे होते. चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, दुसरा हात संपवला. दिवसभर स्पिरिटमध्ये बोळा बुडवून हाताची सालं निघाली. घरी आलो, अजून बसलोही नव्हतो, तोच हिला उमासा आला.

“तुम्ही जरा बाहेर बसा ना,” ही म्हणाली. “वारा येऊ दे.”

वारा खिडकीतून येतो आणि मी दारात उभा होतो. पण आजारी माणसाशी वाद घालू नये. बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. भिंतीच्या त्या बाजूला ही, या बाजूला मी. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघं वेगवेगळ्या खोल्यांत जेवलो. म्हणजे मी जेवलो.

९ मार्च, रविवार

दुकान बंद. घरीच होतो. हिनं उकडलेला बटाटा खाल्ला, टोस्ट खाल्ला, आणि दुपारी स्वतःहून पत्ते काढले. चार डाव झाले. त्यातले तीन हिनं लबाडी करून जिंकले, एक मी लबाडी करूनही हरलो.

रविवारी पोटालाही सुटी असते वाटतं.

१० मार्च, सोमवार

संध्याकाळी पुन्हा तेच. तोंड धुऊन झाल्यावर ही उशीला टेकून बसली आणि म्हणाली, “एक सांगू? पुढचा डोस मला नको.”

मला वाटलं, थकव्यानं बोलतेय. म्हटलं, “बरं, उद्या बोलू.”

“उद्या नाही. आज सांगतेय. दोन झाले. अजून चार माझ्याच्यानं होणार नाहीत.”

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते आठवतंय ना? मधेच सोडलं तर—”

“सगळं आठवतंय. त्यांना सोपं आहे, त्या सुई देतात. ताईकडे जाऊन राहीन म्हणते थोडे दिवस. तिच्या गच्चीवर वारा असतो.”

“आपल्याकडे वारा नाही?”

हिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याकडे बघायचं होतं आणि बघवत नव्हतं, असा काहीतरी तो चेहरा होता. पंचवीस तारखेला तिसरा डोस. पंधरा दिवस हातात आहेत.

इतके दिवस देवाकडे काही मागितलं नव्हतं. त्याच्याकडे गर्दी असते, आपण कशाला रांग वाढवा, असं वाटायचं. आज मागितलं. ती बरी होऊ दे, असं नाही. पंचवीस तारखेला ती दवाखान्यात येऊ दे, एवढंच.

११ मार्च, मंगळवार

दुकानात माझा जोडीदार आहे सुतार. तो कापतो, जोडतो, मी चमकवतो. त्याला सगळं सांगितलं. त्यानं रंधा खाली ठेवला आणि म्हणाला, “माझ्या सासूला अशीच मळमळ होती. होमिओपॅथीनं थांबली. सासू थांबली नाही, पण मळमळ थांबली.”

त्याच्या सांगण्यावरून कामावरूनच गेलो. वह्या-पेनांच्या दुकानावर एक खोली आहे, तिथे गोळीवाले डॉक्टर बसतात. पांढरे केस, हळू आवाज. मागे काचेच्या दारांचं लाकडी कपाट आणि त्यात शेकडो बाटल्या. कपाटाला पूर्वी कोणीतरी मनापासून पॉलिश केलेलं होतं, आठ हात तरी असतील. अशा माणसावर विश्वास ठेवायला हरकत नाही असं वाटलं.

त्यांनी आधी बजावलं, “हे बघा, कॅन्सरवरचं औषध दवाखान्यातलंच. माझं त्याच्या जागी नाही. मळमळीवर माझ्या गोळ्यांचा काहींना उपयोग होतो, काहींना नाही. छातीठोकपणे मी सांगणार नाही. आणि दवाखान्यात सांगायचं, की या गोळ्या चालू आहेत.”

मी मान हलवली. सांगायची हिंमत होईल की नाही, याची मला तेव्हाच शंका होती.

मग त्यांनी तासभर प्रश्न विचारले. गरम आवडतं की गार? कशाला घाबरतात? एकट्या असल्या की बरं वाटतं की माणसांत? झोपतात कशा?

“भिंतीकडे तोंड करून.”

“आधीपासून?”

“नाही. आता आता.”

“आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला काय असतं?”

“काही नाही. माझं स्टूल.”

त्यांनी ते लिहून घेतलं. स्टूल कशाला लिहायचं, मला कळेना. मग म्हणाले, “रविवार चांगला जातो म्हणालात. तुमचा धंदा काय?”

“लाकडाचं पॉलिश.”

“कशाचं?”

“चपडा, स्पिरिट, टर्पेंटाइन. कधी वॉर्निश.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि एक मोठा श्वास घेतला. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, औषध आठवत असतील.

शेवटी एक छोटी बाटली भरून दिली आणि म्हणाले, “औषधापेक्षा याचं पथ्य कडक आहे. या गोळ्या फार नाजूक असतात. उग्र वासानं त्यांची शक्ती जाते. बाटली पेशंटच्या उशाशी राहील आणि त्या खोलीत कसलाही वास जाता कामा नये. कांदा परतायचा तो दार लावून. अत्तर, बाम, कॉफी बंद. आणि पॉलिशवाले, सगळ्यात मोठा धोका तुम्ही आहात.”

“मी?”

“दुकानातून निघायच्या आधी अंघोळ. कामाचे कपडे दुकानातच. घरी धुतलेले कपडे घालून जायचं. नखांत, केसांत, कुठे म्हणून वास राहता कामा नये. नाहीतर गोळ्या फुकट. आणि दवाखान्यातली उलटीची गोळी आहे ना? ती वेळेवर, जेवणाआधी अर्धा तास. ती चुकली तर माझी लागू पडत नाही.”

मी विचारलं, “एवढ्याशा गोळीला एवढा मान?”

ते म्हणाले, “मान गोळीचाच असतो असं नाही.” म्हणजे काय, ते विचारायचं राहून गेलं.

१२ मार्च, बुधवार

घराची झडती घेतली. बामच्या तीन डब्या, केसांचं सुगंधी तेल, गुलाबाचा साबण, लवंगेची टूथपेस्ट, कॉफीचा डबा, फिनेल. सगळं खोक्यात भरून गॅलरीत ठेवलं. बिनवासाचा साबण शोधायला चार दुकानं हिंडलो. चौथा दुकानदार म्हणाला, “लोक वासासाठी साबण घेतात हो.”

उदबत्तीचा प्रश्न आला. तीस वर्षांत एक दिवस चुकलेली नाही. देवापुढे बसलो आणि सांगितलं, पंधरा दिवस तुला वासाशिवाय काढावे लागतील. तो काही बोलला नाही. त्याचा हा गुण मला आवडतो.

हिला गोळ्यांचं सांगितलं. “साखरच ना ती?” ही म्हणाली. मग पथ्य सांगितलं. अंघोळीचं, कपड्यांचं. ही एकदम उठून बसली.

“हे त्या डॉक्टरांनी सांगितलं? असंच सांगितलं?”

“शब्दन् शब्द.”

ही माझ्याकडे बघत राहिली. “मग ठेवा बाटली इथे,” म्हणाली. “चांगले दिसतायत डॉक्टर.”

श्रद्धा बसली, की अर्धं काम होतं.

१३ मार्च, गुरुवार

दुकानामागच्या नळावर अंघोळ केली. सुतार बादली घेऊन मदतीला उभा. “नवरदेव, पाठ घासू का?” तीन वेळा साबण लावला. नखं काचकागदानं घासली. धुतलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून नेले होते. ते घालून, कशाला हात न लावता, रस्त्याच्या मधून घरी आलो.

हिनं तोंड फिरवलं नाही. टब मागितला नाही असं नाही, पण तास-दीड तासानं. उलटीची गोळी वेळेवर दिली. “ही रोज घ्यायची असते?” हिनं विचारलं. मी डॉक्टरीणबाईंचा कागद दाखवला. त्यात पहिल्या ओळीत लिहिलेलं होतं.

१५ मार्च, शनिवार

आज जरा गडबड झाली. सगळं धुऊन आलो, पलंगाशी वाकून बाटली नीट ठेवत होतो, तर हिनं नाक आक्रसलं.

“काय झालं?”

“काही नाही.”

माझं मलाच शोधावं लागलं. हात हुंगले, कोपर हुंगले. मग आरशासमोर उभा राहिलो आणि कळलं. मिशी! अठराव्या वर्षापासून राखलेली मिशी. दिवसभर बोळा तोंडासमोर असतो, मिशी सगळं शोषून घेते. मी स्वतः तिच्या वासात जगत असल्यानं मला पत्ता नाही. म्हणजे आज तीन दिवस मी गोळ्यांवर वाकून मिशीनं त्यांची शक्ती घालवत होतो.

मोरीत गेलो आणि काढून टाकली.

बाहेर आलो तर ही बघतच राहिली. मग हसायला लागली. ओठ चाळवले, मग खांदे, मग पोट धरून. शस्त्रक्रियेची बाजू दुखते म्हणून उशी दाबून हसली. दोन महिन्यांत हिला असं हसताना पाहिलं नव्हतं. “अहो, तुमचा वरचा ओठ,” ही म्हणाली, “इतकी वर्षं हा कुठे होता?”

गोळ्या लागू पडायला लागल्या, यात शंका नाही.

१७ मार्च, सोमवार

दुकानात सुतार म्हणाला, “मालक कुठे गेले? तुम्ही त्यांचे धाकटे भाऊ का?” दोन गिऱ्हाइकांनी खरंच ओळखलं नाही. एकानं मला विचारलं, पॉलिशवाले कधी येतील.

संध्याकाळी हिनं वाटीभर सूप प्यायलं आणि वर टोस्ट मागितला. पंचवीस तारखेचा विषय काढला.

“बघू,” म्हणाली.

‘नको’ वरून ‘बघू’ वर आलो. आठ दिवस आहेत.

१८ मार्च, मंगळवार

हिची थोरली बहीण, म्हणजे ताई, भेटायला आल्या. ताईंचं अत्तर त्यांच्या आधी जिना चढतं. मी दारातच आडवा झालो.

“हे काय? मला उंबऱ्यावर उभं करता? सख्ख्या बहिणीला भेटायला परवानगी लागते?”

“ताई, अत्तर.”

“अत्तराचं काय?”

“गोळ्यांना चालत नाही.”

“गोळ्यांना! अहो, गोळ्या आहेत का तुमच्या सासूबाई, त्यांना काय चालतं नि काय नाही ते बघायला? आणि वासाचं तुम्ही सांगता मला? तुम्ही? अहो, तुम्ही गल्लीच्या तोंडाशी आलात की—”

“ताई!” आतून हिचा आवाज आला. एवढा मोठा आवाज तिच्यात शिल्लक असेल असं वाटलं नव्हतं.

ताईंनी उरलेलं वाक्य गिळलं. मुकाट्यानं मोरीत जाऊन मान आणि मनगटं धुतली. दोघी बहिणी मग दार लोटून कुजबुजत बसल्या. जाताना ताई माझ्याकडे निराळ्याच नजरेनं बघून म्हणाल्या, “ओठ चांगला आहे तुमचा.”

मी गल्लीच्या तोंडाशी आलो की काय होतं, ते राहिलंच. बहुतेक शिट्टीबद्दल असणार. मी शिट्टी वाजवत येतो ते ताईंना कधीच आवडलेलं नाही.

२० मार्च, गुरुवार

गोळीआधी पंधरा मिनिटं आणि नंतर पंधरा मिनिटं तोंडात काही घालायचं नाही. मी घड्याळ घेऊन बसतो. पहिली पंधरा मिनिटं मोजायची, मग मी पाणी आणायला उठायचं, तेवढ्यात ही गोळी घेते, मग पुढची पंधरा मिनिटं. अर्धा तास दोघं नुसते बसतो. आज बसल्या बसल्या हिनं माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि तळव्याची सालं मोजू लागली.

“सात,” म्हणाली.

“काल नऊ होती.”

“काल मी मोजली नव्हती.”

“मी मोजली होती.”

हिचे केस गेलेत, माझी मिशी गेली आहे. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर दोन नवजात बाळं समोरासमोर ठेवलीत असं वाटलं असतं.

२२ मार्च, शनिवार

आज सकाळी हिचा पलंग झटकताना बाटली हातात आली. मी तिला सहसा हात लावत नाही, पथ्य आहे. उजेडात धरली तर गळ्यापर्यंत भरलेली. दिवसाला सहा गोळ्या, दहा दिवस. रिकामी व्हायला आली असायला हवी होती.

“या गोळ्या तू घेत नाहीस?”

ही चादरीच्या टोकाशी खेळायला लागली. “पहिल्या दिवशी दोन घेतल्या. मला सध्या गोड नकोसं होतं.”

“मग सांगायचं नाही?”

“सांगणारच होते. पण त्याच्या आत तुम्ही मिशी काढलीत. नंतर कुठल्या तोंडानं सांगू?”

“मग तुला बरं वाटतंय ते कशानं?”

“आपोआप,” ही म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

तडक गोळीवाल्या डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, “डॉक्टर, गोळ्या घेतल्याच नाहीत आणि गुण आला.”

ते टेबलावर हात आपटून हसले. “न घेताच गुण! बघा, काय ताकदीचं औषध आहे.” मग हसू आवरून म्हणाले, “डोसनंतर दिवस जातात तशी मळमळ उतरतेच थोडी. उलटीची गोळी वेळेवर गेली, त्यानंही फरक पडला. पण एवढंच नाही. तुम्ही वही लिहिता म्हणालात ना? सुरुवातीपासून वाचा. आज नको, आज चिडलेले आहात. उद्या रविवार आहे. उद्या वाचा.”

चिडलेला होतोच. बाटलीच्या मानापायी तीस वर्षांची मिशी गेली आणि बाटली नुसती उशाशी बसून होती.

२३ मार्च, रविवार

सकाळी वाचली. पुढून आणि मागून. दवाखान्याच्या रकान्यात आणि माझ्या गप्पांत.

गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, उत्तर येत नसेल तर प्रश्न पुन्हा वाच. मी तीनदा वाचला. सकाळी बरं, दुपारी बरं, संध्याकाळी साडेसहाला टब. रविवारी नाही. आठ दरवाजे केले त्या शनिवारी दारातूनच. अंघोळ केली त्या दिवशी तास-दीड तासानं. मिशी काढली त्या दिवसापासून नाहीच.

‘लहान मूल आई दिसली की रडतं.’ हे मीच लिहिलंय. शाई पुसट व्हायची वाट बघायला हवी.

दुपारी हिच्याजवळ जाऊन बसलो. “माझा वास यायचा,” मी म्हटलं. “होय ना?”

हिनं चादर डोक्यावरून ओढून घेतली. आतून आवाज आला, “कोणी सांगितलं? ताईनं?”

“वहीनं.”

बराच वेळ चादर नुसती वर-खाली होत राहिली.

“इतके दिवस टब धरून बसलीस,” मी म्हटलं. “एक शब्द बोलता आला नाही? ‘अहो, जरा धुऊन या’, एवढंच. मी काय वाईट वाटून घेतलं असतं?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही,” ही चादरीतूनच म्हणाली. मग तोंड बाहेर काढलं. “मला वाईट वाटत होतं म्हणून. अहो, लग्न होऊन आले तेव्हापासून तुमचा तोच वास. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी आलात की मला घरात कळायचं. गॅस पेटवायची मी, दार वाजायच्या आधी. इतका आवडायचा मला तो. तुमचे शर्ट धुवायला टाकताना आधी—” इथे थांबली. “जाऊ दे. आणि आता त्याच वासानं पोट ढवळून येतं. पहिल्या डोसनंतर केस गेले, म्हटलं जाऊ देत. चव गेली, म्हटलं जाऊ दे. दुसऱ्यानंतर तुम्ही जवळ आलात आणि नको झालात. मला वाटलं, तिसऱ्यात काय जाईल?”

मी चादर हिच्या पायांवर सारखी केली.

“म्हणून म्हटलं, नकोच ते. आहे तेवढं तरी राहील.”

म्हणजे सुईला नाही, उलटीला नाही, तिसऱ्यात आणखी काय जाईल, ही त्याला भ्यायली होती. आणि मी रोज संध्याकाळी ती भीती अंगावर घेऊन, शिट्टी वाजवत घरी येत होतो.

मला काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, “मी भिंतींना पाण्याचा रंग द्यायचं काम धरू का?” ही रडता रडता म्हणाली, “तुम्हाला भिंत सरळ रंगवता येत नाही.” हे खरं आहे.

२४ मार्च, सोमवार

डोसच्या आदल्या दिवशी रक्त तपासतात. ही यायला तयार झाली, पण म्हणाली, “रक्त देते. उद्याचं बोलू नका.”

रक्त चांगलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी वही मागितली. मी पुढून उघडून दिली आणि मागून घट्ट धरून ठेवली. मग धीर केला आणि गोळ्यांचं सांगितलं.

“सांगितलंत ते बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “आणखी काही? काढे, पावडरी, मुळ्या?”

“नाही.”

“मग हरकत नाही. पण असलं काहीही घ्यायच्या आधी मला विचारायचं. उलटीची आमची गोळी वेळेवर चालू आहे?”

“हो. तेरा तारखेपासून.”

“आणि त्याच्या आधी?”

ही छताचा पंखा बघायला लागली. मी माझ्या चपला.

मग हिनं एकदम विचारलं, “डॉक्टर, एखादा वास आधी आवडायचा आणि आता सोसत नसेल, तर तो परत आवडतो का?”

“कसला वास?”

“असाच. घरातला.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं. चपड्याचा पिवळेपणा नखांच्या कडांतून जात नाही, कितीही घासा. “बहुतेकांचं उपचार संपल्यावर काही महिन्यांत पूर्ववत होतं,” त्या म्हणाल्या. “काहींना त्या एकाच वासाची अढी राहते. वचन मी देणार नाही. पण तो वास डोसनं कायमचा नेला, असं समजू नका. त्याची परीक्षा आत्ता घ्यायचीच नसते.”

येताना रिक्षात घराच्या वळणावर ही म्हणाली, “मिशी मात्र परत ठेवा. नंतर.”

‘नंतर’ म्हणजे कशानंतर, हे मी विचारलं नाही. प्रार्थनेतही ते विचारलं नाही. नुसता बसून राहिलो.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी सातला मी उठलो तेव्हा ही कपडे करून खुर्चीत बसलेली होती. डोक्याला रुमाल, पायांत मोजे. “उशीर होतोय,” म्हणाली. आम्हाला नऊला बोलावलेलं होतं.

मोठ्या खोलीत आरामखुर्च्या ओळीनं. सिस्टरनं सुई लावली, थेंब पडायला लागले. चार तास बसायचं. हिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि गळ्याशी नाक आणून हुंगलं.

“कशाचा येतोय?” मी घाबरून विचारलं.

“कशाचाच नाही. अगदी कोरा कागद,” ही म्हणाली. “कंटाळवाणे झाला आहात.”

शेजारच्या खुर्चीत एक बाई होत्या. त्यांचा नवरा गॅरेजमध्ये कामाला असणार, अंगाला ऑइल आणि पेट्रोल. तो बिचारा वाकून वाकून पाणी पाजू बघत होता आणि बाई दुसरीकडे तोंड फिरवत होत्या. ही माझ्या कुशीत कोपर मारून म्हणाली, “सांगा त्याला.”

“मी? परक्या माणसाला? काय म्हणून सांगू?”

“मला नाही माहीत. तुम्हीच अनुभवी.”

त्याला चहाच्या निमित्तानं बाहेर नेलं. मेकॅनिक माझ्यापेक्षा दुप्पट रुंद होता. बरंच घुटमळलो. शेवटी म्हटलं, “भाऊ, एक फार गुणाचे डॉक्टर आहेत. त्यांच्या गोळ्यांचं पथ्य तेवढं कडक असतं.” त्यानं पत्ता तळहातावर लिहून घेतला. खोटं नाही बोललो. देवाला यात काही वावगं वाटू नये.

परत आलो तर ही झोपलेली होती. तोंड खोलीकडे, माझ्या खुर्चीकडे. दीड वाजता सिस्टरनं सुई काढून कापूस दाबला. हिनं डोळे उघडले आणि पहिलं तेच विचारलं, “चौथा कधी?”

“पंधरा एप्रिल. मंगळवार,” सिस्टर म्हणाली. “वा! आणि मग पाचवा मे महिन्यात, आणि सहावा—”

“पुढचं नका सांगू,” ही उठून चपला शोधत म्हणाली. “मी चौथा विचारला.”